थ्रॉटल वारंवार लिंप मोडमध्ये जातो? आधी कॉइलचा अर्थ (अर्थिंग) तपासा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी गाडी एका चावीत चालू होते, आयडल स्थिर असते, बाजारात जाऊन येईपर्यंत काही त्रास नाही. मोकळा रस्ता मिळाला, पेडल दाबले, आरपीएम चार-साडेचार हजारांवर गेले की एकदम दम जातो. इंजिन पंधराशेच्या आसपास रेंगाळते आणि पेडलला दाद देत नाही; यालाच लिंप मोड म्हणतात. गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की जणू काही झालेच नव्हते अशी धावते, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच.

डिचोलीत माझे ऑटो इलेक्ट्रिकचे छोटे गॅरेज आहे. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बाहेरून घेऊन बसवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक जिप्सी. २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी ऑफ-रोड स्पर्धा होऊ लागली, तेव्हापासून या भागात असल्या गाड्यांची हौस वाढली आहे. जुने इंजिन काढून नवे, चार कॉइलचे (प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीसाठी एक) आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे (हवेची झडप केबलऐवजी मोटरने उघडणारे) इंजिन घालायचे आणि त्याला आफ्टरमार्केट ईसीयू जोडायचा. काम अवघड नाही, पण वायरिंगमध्ये एक चूक इतक्या वेळा दिसते की ती सविस्तर लिहून ठेवावी असे वाटले.

ज्या जिप्सीवरून मी हे शिकलो तिचा मालक साखळीकडचा. पहिल्यांदा आला तेव्हा थ्रॉटल बॉडी बदलून झाली होती. दुसऱ्यांदा आला तेव्हा पेडलही बदललेले होते. तिसऱ्यांदा चोर्ला घाटातून फोन आला, "मेस्त्री, परत तेच झालं. केरीच्या वर उभा आहे." एव्हाना त्याचे बरेच पैसे गेले होते आणि बदललेले दोन्ही जुने भाग पूर्ण चांगले होते. त्यातली जुनी थ्रॉटल बॉडी आजही दुसऱ्या गाडीत चालते आहे.

थ्रॉटल इतका संशयी का असतो ते आधी समजून घ्या. केबल नसलेल्या थ्रॉटलला बहुतेक वेळा सहा पिना असतात. दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक सेन्सर अर्थची आणि दोन पोझिशन सेन्सरच्या. सेन्सर दोन ठेवलेले असतात ते एकमेकांवर पहारा ठेवायला. बऱ्याच थ्रॉटलमध्ये एकाचे व्होल्टेज चढते तेव्हा दुसऱ्याचे तेवढेच उतरते, म्हणजे दोघांची बेरीज सतत ५ व्होल्टच्या जवळ राहायला हवी. काही थ्रॉटलमध्ये दोन्ही चढतात, पण वेगळ्या उताराने. कोणतीही पद्धत असली तरी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक काही काळ टिकला की ईसीयू समजतो, झडप नक्की कुठे आहे ते मला सांगता येत नाही. मग तो मोटरचा पुरवठा तोडतो आणि स्प्रिंग झडपेला थोड्याशा उघड्या जागी आणून ठेवते. तेच ते पंधराशेचे रेंगाळणे. म्हणजे लिंप मोड हा थ्रॉटलचा बिघाड नसतो. सेन्सरांच्या सांगण्यात फरक पडल्याची ती खबर असते, आणि तो फरक थ्रॉटलच्या बाहेरूनही येऊ शकतो.

या गाडीत तो कॉइलमधून येत होता.

कॉइल तीन पिनांच्या होत्या. १२ व्होल्ट, अर्थ (प्रवाहाची परतीची वाट) आणि ट्रिगर (ठिणगीचा इशारा). इग्नायटर, म्हणजे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आतच असल्यामुळे ईसीयूने ५ व्होल्टचा सिग्नल दिला की झाले, भारी प्रवाह कॉइल स्वतः तोडते. ज्याने लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बनवले त्याने चारही कॉइलचे अर्थ एका जोडात घेतले होते. त्याच जोडात मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) अर्थ होता आणि थ्रॉटलच्या पोझिशन सेन्सरचाही. त्या जोडातून १ चौ. मिमीची एकच वायर इंजिनच्या ब्रॅकेटवर उतरली होती. मनात विचार सरळ असणार, अर्थ तो अर्थ. कागदावर सगळे अर्थ एकाच चिन्हाने काढतात, त्यामुळे हा गैरसमज चांगल्या चांगल्या वायरमनांचा होतो.

आता आकडे बघा. अशी कॉइल चार्ज होताना शेवटच्या क्षणी साधारण ७ अँपिअरपर्यंत ओढते. त्या ब्रॅकेटवरच्या थिंबलचा (वायरच्या टोकाच्या कडीचा) आणि वायरचा मिळून रोध मी मोजला, तो ०.०५ ओहम निघाला. ऐकायला काहीच नाही. पण ७ गुणिले ०.०५ म्हणजे ०.३५ व्होल्ट. प्रत्येक ठिणगीआधी तो सामाईक जोड ईसीयूच्या अर्थपेक्षा ०.३५ व्होल्ट वर उचलला जात होता, आणि त्याच्यासोबत थ्रॉटलचे दोन्ही सेन्सर. एकाचे व्होल्टेज वाढले म्हणून दुसऱ्याचे उतरायला हवे, तिथे दोघेही वर सरकले. बेरीज ५ ची ५.३५ झाली. ईसीयूच्या हिशोबात ती ७ टक्क्यांची चूक.

मग आयडलवर काही का होत नाही? हा प्रश्न मालकानेच विचारला होता आणि उत्तर शोधताना मला खरी गोम कळली. चार सिलिंडरच्या इंजिनात १००० आरपीएमला दर ३० मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते. कॉइल चार्ज व्हायला ३ मिलिसेकंद धरले तर अर्थमध्ये हा गोंधळ दहातला एकच भाग वेळ असतो. ईसीयूचा फिल्टर तो सहज गिळतो. ६००० आरपीएमला ठिणगी दर ५ मिलिसेकंदांनी पडते, चार्जिंगचे ३ मिलिसेकंद मात्र तेवढेच राहतात. आता साठ टक्के वेळ अर्थ हललेलाच असतो. फिल्टरला शांत क्षण मिळत नाही, चुकीचा काळ साठत जातो आणि ईसीयू पुरवठा तोडतो. वेग वाढला की येणारा आणि चावी फिरवली की जाणारा बिघाड दिसला तर हा हिशोब आठवा.

दर पावसाळ्यात तक्रार परत का येते, तेही इथेच दिसते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेत समुद्राचे मीठ, रस्त्यावर चिऱ्याची लाल माती. ती वायरच्या उघड्या तोंडातून आत शिरते आणि तांबे हिरवे पडते. कोणीतरी बोल्ट खरवडून घट्ट करतो, ०.०५ चे ०.०२ ओहम होतात, गाडी सुधारते, सगळे खूश. चतुर्थी जवळ येईपर्यंत पुन्हा गंज धरतो. बोल्ट खरवडणे म्हणजे दुखण्यावर फुंकर घालण्यासारखे आहे. कॉइलचा प्रवाह आणि सेन्सरचा अर्थ यांची वाट एकच आहे तोवर ते परत येणारच.

तपासणी कशी करायची ते आता सांगतो. मल्टीमीटरचा बझर लावून अर्थ तपासू नका. त्याची मला खरोखर चीड आहे, कारण त्या आवाजावर विश्वास ठेवून लोक हजारो रुपयांचे सामान बदलतात. बझर काही ओहम रोध असला तरी वाजतो, आणि आपल्याला इथे ओहमच्या शंभराव्या भागाची चिंता आहे. वीस तारांतली एक तार शिल्लक असली तरी बझर खुशाल वाजेल. अर्थ नेहमी भाराखाली तपासायचा.

त्यासाठी माझे हत्यार म्हणजे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, दोन वायरी लावलेला. ईसीयूचा कनेक्टर काढा, कॉइलचे आणि थ्रॉटलचे कनेक्टर काढा. बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज घालून आणि दुसरे कॉइल कनेक्टरच्या अर्थ पिनला लावा. बल्ब पेटला की त्या वाटेतून साधारण ४.६ अँपिअर वाहतात. आता मीटर व्होल्टवर ठेवून ती पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधले व्होल्टेज बघा. या जिप्सीत ०.२३ आले. माझ्या मते ०.१ च्या वर काहीही आले तर तिथे काम आहे. हा प्रयोग ईसीयूच्या सेन्सर अर्थच्या पिनवर मात्र कधीही करू नका. ईसीयूच्या आतली ती वाट इतक्या प्रवाहासाठी नसते, जळून जाईल.

दुसरी तपासणी लॅपटॉपवर. ईसीयूच्या लॉगमध्ये थ्रॉटलच्या दोन्ही सेन्सरांचे मूळ व्होल्टेज आणि आरपीएम असे तिन्ही एकत्र लावा. न्यूट्रलमध्ये हळूहळू आरपीएम चढवा. झडप जवळजवळ एका जागी असताना आरपीएमबरोबर बेरीज करवतीच्या दात्यांसारखी खडबडीत होत गेली तर बिघाड विजेचा आहे, थ्रॉटल बॉडी निर्दोष. उलट आरपीएम कितीही असो, झडपेच्या ठरावीक जागीच एका सेन्सरची रेघ तुटत असेल, तर सेन्सरची पट्टी झिजली आहे आणि थ्रॉटल बॉडी खरोखर बदलावी लागेल. इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून पेडल अगदी सावकाश दाबले तर हे दुसरे लगेच दिसते. ऑसिलोस्कोप असला तर सोन्याहून पिवळे, लॅपटॉपला लावायचा स्वस्तातलाही चालतो.

दुरुस्ती आम्ही अशी केली. कॉइलचे चारही अर्थ त्या जोडातून तोडले. २.५ चौ. मिमीच्या वायरीने ते थेट सिलिंडर हेडवर नेले, हेडवरची जागा घासून चकचकीत केली, खाली दात्यांचा वॉशर, वर थिंबल. ठिणगीचा प्रवाह प्लगमधून हेडमध्येच उतरतो, त्यामुळे त्याला परत कॉइलकडे जायची वाट जितकी आखूड तितकी बरी. म्हणून हेड, बॉडी नव्हे. ईसीयूचे पॉवर अर्थही त्याच हेडवर, शेजारच्या बोल्टला आणले. तीन पिनांच्या कॉइलमध्ये ट्रिगरचा संदर्भही तोच अर्थ असतो, म्हणून कॉइल आणि ईसीयू यांनी एकाच जागेला शून्य मानलेले बरे. सेन्सरांचे अर्थ मात्र इंजिनला कुठेही शिवता कामा नयेत. ते सगळे एकत्र करून ईसीयूच्या सेन्सर अर्थच्या पिनवर न्यायचे आणि तिथेच संपवायचे.

तुमच्या कॉइलला चार पिना असतील तर आधी त्यांचा नकाशा मिळवा, अंदाजाने जोडू नका. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनाच्या कॉइलमध्ये दोन अर्थ असतात, एक पॉवरचा, तो हेडवर जातो, आणि एक ट्रिगरच्या संदर्भाचा, तो ईसीयूकडे. टोयोटाच्या चार पिनांच्या कॉइलमध्ये चौथी पिन अर्थची नसतेच, ठिणगी पडल्याची पोच ईसीयूला देणारी ती वायर असते. तिला अर्थ समजून जोडलेले मी पाहिले आहे. दोन पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर नसतो. ती ५ व्होल्टच्या लॉजिक आउटपुटला थेट जोडली तर आउटपुट मरते, मध्ये इग्नायटर लागतोच.

वायरबद्दल थोडे अधिक, कारण आपल्याकडे यातच सगळे अडते. साध्या तांब्याची वायर किनारपट्टीवर टिकत नाही. ट्रॉलर आणि होड्यांसाठी लागणारी कल्हई केलेली तांब्याची वायर बंदराजवळच्या दुकानांत मिळते, तीच घ्या. किंमत जास्त आहे, पण इंजिनच्या अर्थला अशी चार-पाच मीटर पुरते. थिंबल चांगल्या क्रिंपरने दाबा. सोल्डर केलेला जोड टेबलावर छान दिसतो, पण सोल्डर तारांमध्ये वर चढते आणि जिथे संपते तिथे वायर कडक होऊन इंजिनच्या थरथरीने तुटते. वरून आतून डिंक असलेली हीट श्रिंक चढवा, आणि बोल्ट घट्ट केल्यानंतरच त्यावर ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून थिंबल बसवू नका.

हे सगळे करताना इंजिन आणि बॉडीमधली जाड अर्थ पट्टी बघायला विसरू नका. इंजिन बदलताना ती बरेचदा राहून जाते. मग स्टार्टरचा शंभरावर अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट शोधतो, आणि ती वाट कधी कधी ईसीयूच्या बारीक वायरीतून जाते.

अर्थ नीट करूनही मिसफायर उरला तर कॉइलच्या १२ व्होल्टकडे वळा. जुन्या गाडीत चावीच्या स्विचवरून आलेल्या वायरीवर कॉइल टाकलेल्या असतात. ईसीयू स्वतःच्या पिनवर १३.८ व्होल्ट मोजतो आणि त्या हिशोबाने ड्वेल, म्हणजे चार्जिंगचा वेळ, ठरवतो. कॉइलपर्यंत मात्र साडेअकराच पोहोचतात. कमी व्होल्टेजला जास्त वेळ लागतो हे ईसीयूला माहीत आहे, पण कॉइलकडची अवस्था त्याला दिसत नाही. ठिणगी अशक्त होते आणि चढावर, भाराखाली, इंजिन खोकते. कॉइलना स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या, पुरवठा थेट बॅटरीवरून, रिलेची कॉइल ईसीयूच्या मुख्य रिलेबरोबर उघडझाप करणारी.

ड्वेलचा आकडा कॉइलच्या तक्त्यातून घ्या. तक्ता मिळत नसेल तर १४ व्होल्टला २ मिलिसेकंदांपासून सुरुवात करून सावकाश वाढवा. दहा मिनिटे आयडलवर चालवल्यावर कॉइलला हात लावून ठेवता येत नसेल तर ड्वेल जास्त आहे. आणि इंजिन बंद, नुसती चावी चालू असताना कॉइल तापत असेल तर लगेच चावी काढा, ईसीयूमध्ये ट्रिगरची दिशा उलटी पडली आहे. अशा कॉइल सहसा सिग्नल वर असताना चार्ज होतात आणि खाली पडताना ठिणगी देतात. म्हणून नव्या वायरिंगवर पहिल्यांदा चावी फिरवताना कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, ट्रिगर पिनांवर शून्याच्या जवळ व्होल्टेज आहे हे मीटरने बघा, मग जोडा.

प्लगही बघा. रेझिस्टर असलेलेच प्लग हवेत. एनजीकेच्या क्रमांकात आर अक्षर असतो, बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस यांत तेवढाच फरक. जुन्या साठ्यातले बिनरेझिस्टरचे प्लग घातले की रेडिओत जशी खरखर येते तशी ती सेन्सरांतही येते. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी कॉइलचे रबर काढून आत पाहावे. काळ्या रेघा दिसल्या तर ठिणगी रबरातूनच हेडवर उडते आहे, रबर बदला.

थ्रॉटलच्या मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून वेगळ्या न्या. सेन्सरच्या वायरी आणि त्या एकाच स्लीव्हमध्ये कोंबू नका, आणि दोन्ही कॉइलच्या पुरवठ्यापासून दूर. मोटरच्या वायरी उलट लागल्या तर झडप उघडायच्या जागी बंद होते आणि ईसीयू लगेच चूक दाखवतो, अदलाबदल केली की झाले. पेडलला दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि त्यांचे ५ व्होल्ट आणि अर्थही स्वतंत्र असतात. दोन वायरी वाचवायला ते एकत्र केलेले आढळतात. तसे करू नका. एक जोड सुटला की दोन्ही सेन्सर एकदम जातात आणि पहारा ठेवायला कोणी उरत नाही.

एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकाशी भांडतोसुद्धा. थ्रॉटलच्या मोटरचा पुरवठा ज्या रिलेतून जातो ती रिले ईसीयूच्या ताब्यात असते, म्हणजे काही बिनसले तर त्याला पुरवठा तोडता येतो. लिंप मोडला कंटाळून लोक ती रिले बायपास करायला सांगतात, किंवा दोन सेन्सरांमधल्या फरकाची मर्यादा ईसीयूत वाढवून मागतात. लिंप मोड जाईल, खरे आहे. पण मग घाटात झडप उघडी अडकली तर ती बंद करणारे कोणी नसेल. मी हे काम करत नाही आणि दुसऱ्यांनीही करू नये. काम संपल्यावर झडप अर्धी उघडी असताना रिले काढून बघा, स्प्रिंगने ती झटक्यात परत यायला हवी. तपासताना बोट झडपेत घालू नका, मोटरचा जोर बोट चिरडण्याइतका असतो.

इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणायची असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे आधी विचारा, काम झाल्यावर नव्हे.

त्या जिप्सीत अर्थ वेगळे केल्यावर बल्ब लावून पुन्हा मोजले, ०.०३ व्होल्ट आले. लॉगमधली करवत गेली, बेरीज ६००० आरपीएमपर्यंत सरळ. मालकाला मी सांगितले होते, पाऊस संपला की एकदा आणून दाखव. दिवाळीआधी तो आला, गाडी लाल मातीने माखलेली. त्याच पिनवर मीटर लावले. ०.०३.